तात्यांनी पास केलेला पिक्चर

उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत कोणताही पिक्चर आधी तात्या बघत, मग गल्ली. मुलानं मस्कतहून आणलेला व्हीसीआर त्यांचा, म्हणून न्यायही त्यांचा. तात्या वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. दुकानदाराचा तराजू तपासावा तसे टीव्हीपासून हातभर अंतरावर बसून पिक्चर तपासायचे. नको ते दृश्य आलं की पडद्यावर पंजा ठेवायचे. पंजा लहान, टीव्ही मोठा. जे झाकायचं ते चारी बाजूंनी दिसायचंच. त्यांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली, म्हणून निकालही तसाच: "मंजूर", नाहीतर "नामंजूर. फॅमिलीत चालणार नाय."

इंग्रजी पिक्चरला दुभाषी मी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि माझ्या इंग्रजीवर माझ्यापेक्षा तात्यांचा विश्वास जास्त. "बी.ए. हाये ती," ते सगळ्यांना सांगत.

छावणीतल्या माझ्या मैत्रिणीनं, रूथनं, चर्चमधली एक कॅसेट दिली. नवराबायकोचा संसार मोडायला येतो आणि शेवटी सावरतो, अशी गोष्ट. "घरच्यांसोबत बघण्यासारखी आहे," ती म्हणाली.

"ते मी ठरवतो. रविवारी लावू," तात्या म्हणाले.

नेमकी त्याच रविवारी सोयगावहून मला मागणी घातलेली मंडळी लग्नाची तारीख काढायला आली. आमचं घर दीड खोलीचं, म्हणून बाबांनी त्यांना तात्यांकडंच बसवलं. चहाच्या पहिल्या घोटालाच होणारे सासरे म्हणाले, "लग्नानंतर शाळेची नोकरी बंद." ती नोकरी मला नुकतीच लागली होती, तीही सोयगावच्याच शाळेत. बाबा मान डोलवत राहिले, मी बशी पुसत राहिले.

पिक्चर सुरू झाला तो चर्चमधल्या लग्नानंच. नवरी पांढऱ्या झग्यात. होणाऱ्या सासूबाई दचकल्या. "अगं बाई! नवरा वारला का काय हिचा?"

"अजून नाय," तात्या म्हणाले. "त्यांच्यात तसंच नेसतात."

मग पाद्री काही बोलला. मी सांगितलं, "या लग्नाला कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला, म्हणतोय."

तात्यांनी पिक्चर थांबवला. "भर मांडवात विचारतो?"

"हो."

"आन् आपण? अक्षता पडेस्तोवर चूप, अन् पंगतीत बसलं की रुसायचं. हे लई बरं. आधीच विचारून मोकळं." ते माझ्याकडं वळले. "पोरी, तुझी काही हरकत?"

बाबांनी डोळे वटारले. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे. मी नोकरी सोडणार नाही."

सासरे उठले. "तात्यासाहेब, असला पिक्चर लेकीसुनांत दाखवतात व्हय?"

"बसा हो. निकाल पिक्चर संपल्यावर असतो."

ते बसले नाहीत, पण सासूबाईही उठल्या नाहीत. "थांबा की! त्या पोरीचं पुढं काय होतंय ते तर बघू द्या." सासऱ्यांनी चपला घातल्या आणि दारात उभं राहून दीड तास पिक्चर पाहिला.

शेवटी नवरा गुडघ्यावर बसून बायकोची माफी मागतो आणि ती त्याला जवळ घेते. तात्यांचा पंजा पुढं गेला. सासूबाईंनी तो बाजूला सारला. "राहू द्या. लग्नाचे हायेत ते." डोळ्यांना पदर लावून त्यांनी मला विचारलं, "शाळा किती वाजता सुटती गं तुझी?"

"पाचला."

"मग सांजचा सैपाक दोघी मिळून करू."

दारातून हरकत आली नाही.

आता तात्या नाहीत, सासरे नाहीत, आणि मीही मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. पण तात्यांनी त्या दिवशी दिलेला निकाल सासरे पुढं पाहुण्यारावळ्यांना हसून सांगायचे: "मंजूर. फॅमिलीत चालंल. फक्त लग्न ठरायच्या आधी दाखवावा, ठरल्यावर दाखवू नये."