फुटक्या टाकीतली पेशंट

वर्ष संपलं की आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या दाराशी बेवारशी चपलांची रास उरते. चपला बाहेर काढून आत जायचं, असा नियम. मग कोणी दुसऱ्याची घालून जातो, कोणी अनवाणीच स्टँड गाठतो. किस्स्यांचंही तसंच आहे. पोरं पास होऊन जातात, किस्से दाराशी पडून राहतात. झाडू माझ्या हातात, तेव्हा उचलायचे कोणी? मीच!

आधी कॉलेज काय ते सांगते. एक्स-रे, सीटी स्कॅन काढणारे टेक्निशियन इथे तयार होतात. सगळं आहे, फक्त सीटी स्कॅनचं मशीन नाही! त्याच्या जागी सॉफ्टवेअर आहे. स्क्रीनवर मोठा गोल काढायचा, तो पेशंट. त्यात छोटे गोल, ती त्याची हाडं आणि आतडी. बटण दाबलं की एक ठिपका त्या गोलाभोवती गरगर फिरतो, चहूबाजूंनी रेघा मारतो, आणि त्या रेघांवरून कॉम्प्युटर आतलं चित्र बनवतो. पाव कापावा तशी एकेक चकती. मी चौथी शिकलेली, पण रोज बघून बघून एवढं मलाही कळलं.

फी मात्र खऱ्या मशीनच्या हिशोबाने घेतात हो!

*

मशीनसाठी खोली बांधून तयार आहे. जाड भिंती, शिशाचा पत्रा मारलेला दरवाजा, खिडकी नाही. "पुढच्या महिन्यात मशीन येतंय," असं प्रिन्सिपल सांगत आले, आणि दर उन्हाळ्यात तिथे त्यांच्या बागेतले आंबे येत गेले. गवतात घालून, दार लावून. गरम, बंद खोली. आंबा असा पिकतो की विचारू नका.

एकदा तपासणीला मुंबईहून कमिटी आली. प्रिन्सिपलांनी मला सांगितलं, "मावशी, किल्ली हरवली म्हणा."

मी म्हटलं, "माझ्याकडून किल्ली हरवत नाही." आणि उघडलं दार!

वास आला तसे कमिटीतले तिघेही आत वळले. एकाने वाकून गवत बाजूला केलं. दुसऱ्याने विचारलं, "मशीन कुठे आहे?" प्रिन्सिपल म्हणाले, "साहेब, जेवून बोलू या."

कमिटीने जाताना लिहिलं, 'खोली योग्य आहे.' कशासाठी, ते लिहिलं नाही.

*

मशीन नाही म्हणून सावंतसरांनी युक्ती काढली. सर भला माणूस, पण भल्या माणसांच्या युक्त्यांची मला धास्ती वाटते. गच्चीवरची फुटलेली पाण्याची टाकी खाली आणवली, दोन्ही बाजूंनी कापली, आडवी केली आणि आतून एक बाकडं सरकवलं. हे झालं मशीन!

"आता पेशंट हवा," सर म्हणाले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सर, माझी नेमणूक झाडलोटीची आहे."

"मावशी, नुसतं झोपायचं तर आहे."

नुसतं झोपायचं! तुम्ही झोपून दाखवा काळ्या टाकीत, शेवाळाच्या वासात, हात डोक्यावर घेऊन, आणि भोवती वीस पोरं उभी. त्यातला एकही तुमच्याकडे बघत नाही, सगळे स्क्रीनकडे बघतात. फक्त शबाना नावाची एक पोरगी होती, ती पहिल्याच दिवशी वाकून म्हणाली, "मावशी, पाठीला बाकडं टोचतंय का?" तिने स्वतःची ओढणी घडी करून खाली घातली. बाकीच्यांच्या लेखी मी टाकीचाच भाग.

*

त्या बॅचचा हुशार म्हणजे ओंकार. सॉफ्टवेअरमध्ये असा घुसायचा की बाहेर भूकंप झाला तरी कळू नये. त्याच्याशी बोलायचं तर त्याच्या टाळूशी बोलायचं, कारण मान कायम खाली.

एक दिवस त्याची पाळी. मी टाकीत. ओंकार ओरडला, "श्वास धरा!"

धरला. तो खटाखट बटणं दाबतोय. स्क्रीनवर चित्र आलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "वा!" मी इकडे लाल, मग निळी. सोडा म्हणायचं कोणाच्या लक्षातच नाही!

शेवटी माझाच बांध फुटला. "मेले ना मी!"

ओंकार मान वर न करता म्हणाला, "सॉरी मावशी, सॉफ्टवेअरमधला पेशंट श्वास घेतच नाही ना, म्हणून विसरलो."

"श्वास घेत नाही म्हणजे मेलाय तो! मग स्कॅन कशाला काढतोस? पोचव त्याला!"

*

मग सरांनी खड्याचा सराव दिला. स्क्रीनवरच्या गोलात, मूत्रपिंडाच्या जागी, सरांनीच एक बारीक खडा ठेवला आणि चित्र मुद्दाम खराब केलं. दाणेदार, धुरकट. खऱ्या स्कॅनमध्येही असं होतं म्हणे. आता ते साफ करून खडा दाखवायचा.

शबानाचं चित्र थोडं धुरकटच राहिलं, पण खडा दिसत होता. ओंकारने मात्र फिल्टर मारला, अजून एक मारला, त्याच्यावर तिसरा. चित्र झालं गुळगुळीत, लोण्यासारखं.

सर चष्मा पुसून म्हणाले, "खडा कुठाय?"

"सर, इमेज बघा ना, किती क्लीन!"

खडाही पुसून टाकला होता शहाण्याने!

मी दारात पोछा पिळत होते. म्हटलं, "बाबा रे, मीही साफ करते, पण फरश्या उचलून नाही नेत."

त्या दिवशी ओंकार माझ्याशी बोलला नाही. एरवी कुठे बोलत होता म्हणा!

*

परीक्षेला पुण्याहून एक परीक्षक आले. त्यांच्या कागदात 'रुग्णाशी वागणूक' म्हणून दहा मार्क होते, आणि त्यात नापास तो सगळ्यात नापास. ते सरांना म्हणाले, "टाकीतलं मला काय कळणार? त्या बाईंनाच विचारा."

शबानाला मी दहा दिले. ओंकारला शून्य.

केवढा गोंधळ झाला! ओंकारला त्याच आठवड्यात इथल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागायची होती. तिथे मशीन आहे, खरंखुरं. पण पास असेल तरच. वडील बोटीवर खलाशी, घरात हा एकच शिकलेला. पोरगा धावत माझ्यापाशी आला.

"मावशी, खऱ्या मशीनमध्ये आवाज रेकॉर्ड केलेला असतो. मशीनच बोलतं. आम्हाला बोलावंच लागत नाही!"

"कुठल्या भाषेत बोलतं?"

"हिंदी. नाहीतर इंग्लिश."

आता मात्र माझं डोकं फिरलं. परीक्षक असोत नाहीतर कलेक्टर!

"आमच्या ह्यांना असंच घातलं होतं मशीनमध्ये. आत गेल्यावर एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. माणूस दिसेना, नुसता आवाज. त्यांना वाटलं, काहीतरी बिघडलंय, उठा म्हणतायत. उठले, तर बाहेरून मशीनवरचा पोरगा खेकसला. सदरा हातात घेऊन तसेच घरी आले. पुन्हा त्या दारात गेले नाहीत. मी पाया पडले, तरी नाही. आजार काही त्यांच्यासाठी थांबला नाही. कळलं? शून्य म्हणजे शून्य!"

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. सर हळूच म्हणाले, "जेवणानंतर याला पुन्हा एकदा बघू या?"

*

जेवणाच्या सुट्टीत ओंकार माझ्या डब्यापाशी येऊन बसला. हातात मोबाइल, मान खाली. "मावशी, काय बोलायचं असतं ते एकदा सांगा."

"साधं बोलायचं, मेल्या! घरातल्या माणसाशी बोलतोस तसं."

"एकदा नीट म्हणून दाखवा ना."

मी हातातला घास खाली ठेवला आणि म्हटलं. सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो मोबाइलातच बघतोय! तेव्हा शेवटी ओरडले ते ओरडलेच.

दुपारी त्याची परीक्षा झाली. बोलला सगळं. पाठ केल्यासारखं, पण बोलला. श्वास सोडायलाही सांगितलं.

मी पाच दिले. म्हटलं, "पास झालास, जा. उरलेले पाच बाहेरच्या माणसांकडून घे."

*

यंदा पावसाच्या तोंडाशी माझ्याच पोटात कळ आली. अशी की जिन्यावर बसकण मारली. सावंतसर रिक्षाने हॉस्पिटलात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "खडा वाटतोय. सीटी काढू."

सीटी म्हटल्यावर मी उठून उभी राहिले. बाहेर काहीही बोलते मी, पण डोळ्यांपुढे ह्यांचा सदरा आला. हातात चुरगळलेला. सरांना म्हटलं, "मी घरी जाते. काढा घेईन."

सर काही बोलणार, एवढ्यात आतून संगमेश्वरकडची एक म्हातारी बाहेर आली, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. हसत होती! माझ्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "भिऊ नको गो बाय. आत एक बाय हाय, लय मायेनं सांगते. दिसत न्हाय, पन आपल्यातलीच हाय. फकस्त जाता जाता मला 'मेल्या' कशाला म्हनाली, ता काय समाजला न्हाय."

माझं नाव पुकारलं. आत गेले. खोली तशीच, जाड भिंतींची, पण आंब्यांचा वास नाही. मधोमध पांढरी मोठी रिंग. एका नर्सबाईने झोपवलं, हात डोक्यावर घ्यायला लावले. पाठीखाली बघते तर मऊ घडी घातलेली चादर. बाई गेली, दार लागलं. मी एकटी. बाकडं सरकायला लागलं. डोळे गच्च मिटले.

आणि रिंगमधून आवाज आला.

"घाबरू नका हं. मी इथेच आहे. हे गोल गोल फिरेल, फिरू दे. आता मोठा श्वास घ्या. धरा. हलू नका, अगदी थोडंच राहिलंय... सोडा. सोडा आता, झालं हो, झालं!"

मी श्वास सोडला, तेव्हा ओळखला. माझाच आवाज! मागे आमच्या कॉलेजच्या जेवणाच्या घंटेचा टणटणाट, आणि मग तीच मी, मोठ्याने:

"आणि तू रे मेल्या, मान वर कर!"

डोळे उघडले. काचेपलीकडे ओंकार उभा होता. मान वर.