पिटबुलची नखं

कुत्र्यांना आंघोळ घालण्यात आणि त्यांची नखं कापण्यात मावशींची वीस वर्षं गेली होती. मालकांची बडबड त्या एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देत. आज एक जण पिटबुलला आत ढकलून स्वतः दाराबाहेरच थांबला.

"मावशी, जपून हं. महाचिडका आहे. रोज तासभर पळवतो, तरी रग जिरत नाही."

मावशींनी पंजा उचलला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नखं वाकून पंजाच्या मऊ मांसात रुतली होती. पळणाऱ्या कुत्र्याची नखं रस्त्यावर घासून झिजतात. ही नखं महिनोन्महिने साखळीला बांधलेल्या जनावराची होती. कापताना त्याला कळ येत होती, तरी ते गुरगुरलं नाही. उलट त्याने मावशींच्या मांडीवर डोकं टेकवलं.

"आत या, पंजा धरा जरा," मावशी म्हणाल्या.

"मी? अहो, चावेल ना तो."

"आजवर कुणाला चावलाय?"

"तसा नाही कुणाला. पण जातच तसली ना त्याची."

मावशी उठल्या. रक्ताळलेला नखाचा तुकडा त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवला.

"आणि हे कुणाच्या जातीने केलं?"