आवाज वर पोचला पाहिजे

बिनआवाजाची गाडी इतक्या मोठ्या आवाजात मिरवणारा माणूस निगडीपासून महाळुंग्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही. आमचे हे वरच्या मजल्यावरचे शेजारी मूळचे बार्शीकडचे, आणि उभी हयात गेली ती कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशिनींजवळ. त्यामुळे यांनी मला 'चहा घेता का' विचारलं, की 'नको' समोरच्या बिल्डिंगमधून यायचं. अशा माणसानं हायब्रिड गाडी घेतली ती फक्त एका बटणासाठी. ते दाबलं की इंजिन गप्प, गाडी नुसत्या बॅटरीवर. त्याला ते 'ईव्हीवर टाकणं' म्हणत.

त्या ईव्हीपायी माझे जे हाल झाले ते विचारू नका. एकदा चाकणहून त्यांच्याबरोबर आलो. भर मे महिना आणि एसी बंद, का तर बॅटरी घरच्या गेटापर्यंत पुरली पाहिजे. तळवड्यात मागचे कंटेनरवाले आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, आणि यांचा पाय ॲक्सिलरेटरवर असा, जसं काही खाली अंडं ठेवलंय. मला शिंक आली तर म्हणाले, "हळू, राव. इंजिन जागं हुईल." सोसायटीत गाडी मांजरासारखी शिरली. मग चपला हातात घेऊन हे जिना चढले.

हे सारं त्यांच्या बायकोसाठी, आमच्या वहिनींसाठी. त्यांचं दुखणं हाडांत उतरलेलं, डॉक्टरांनी हात टेकलेले. "कधी नव्हं ती झोप लागती, मोडाय नको," एवढंच ते म्हणायचे.

एका दुपारी आमची ही पेज घेऊन वर गेली, मागोमाग मीही गेलो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, जुनी गाडी खडखडत यायची. गेटाशी आवाज आला की वाटायचं, आले, आजचा दिवस निभला. आता नुसती कान लावून पडते, काही कळतच नाही. जरा डोळा लागावा, उघडावा, तर हे चपला घेऊन उशाशी उभे. यमच आला वाटून दचकते मी. त्यांना सांगू नका हं, हौसेनं करतात."

असल्या गोष्टी माझ्या पोटात राहत नाहीत. संध्याकाळी गेटाशीच सांगून टाकलं. पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. "झोपत नव्हती व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून गेटाशी ईव्ही बंद. गाडी जागेवर उभी ठेवून हे इंजिन घुमवायचे, आणि वरून वाटीवर चमचा वाजायचा. तो वाजल्याशिवाय गाडी पुढे सरकायची नाही.

दिवाळीच्या आधीच वाटी वाजायची थांबली.

गाडी अजून गेटाशी येऊन घुमते. परवा सेक्रेटरी म्हणाला, "काका, तुमची ईव्ही आहे ना? मग कशाला हा आवाज?" यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इंजिन बंद झालं तरी बराच वेळ हे आतच बसून असतात. मला ते बघवत नाही, मी आत येतो. आमची ही "आले" म्हणते, आणि चहाच्या आधणात एक कप पाणी वाढवते.