पहिल्या मापाला हात जोडले

गेल्या डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळचे अकरा, नांदेडला बहिणीच्या घरचा हॉल. रक्कम पाच हजार. हजर माणसं चार: बहीण, दाजी, मुखेडहून एसटीनं आलेला जादूगार आणि मी. बहिणीच्या नातवाचा पहिला वाढदिवस पुढच्या रविवारी होता. आचारी आणि मांडव दाजींकडं, करमणूक माझ्याकडं, अशी वाटणी झाली होती.

"पाच हजार कशाचे?" मी विचारलं.

"तासाभराचे."

"तासाभरात काय काय गायब करता?"

"तुमी म्हणाल ते, मामा. पहिले हे पाच हजार."

बहीण फिसकन हसली. मला हसू आलं नाही. तीस वर्षं मी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडतीवर हिशेब लिहितो. काट्याला पाय लावणारे, पोत्याच्या तळाशी ओला माल भरणारे, गप्पा मारता मारता एक कट्टा जास्त नेणारे, असे सगळे मी पकडलेले आहेत, हे मी चारचौघांत नेहमी सांगतो, त्यालाही सांगितलं. न पकडलेल्यांची नोंद अर्थातच माझ्याकडं नाही.

म्हणून मी सौदा घातला. तीन हजार नक्की. वरचे दोन हजार मला एकही जादू पकडता आली नाही तरच.

त्यानं थोडा विचार केला. "हाव. पण पकडलं तर तितंच, सगळ्यांम्होरं सांगायचं. मागून न्हाई."

"मंजूर."

"मेव्हणे," दाजी म्हणाले, "दोन हजारासाठी नाक कशाला लावताय? नाक लई महाग हाय तुमचं."

नाक लावलंच होतं. बहिणीनं संध्याकाळपर्यंत सगळ्या गोतावळ्याला फोन करून ते कळवलंही.

आठवडाभर मी मोबाईलवर जादू पकडण्याचे व्हिडिओ पाहिले आणि विद्वान झालो. जादूगार उजवा हात दाखवतो तेव्हा डावा पाहावा. तो वर पाहतो तेव्हा खाली पाहावं. तो बोलतो तेव्हा ऐकू नये. एवढं साधं शास्त्र माहीत नसल्यानं लोक फसतात, हे पाहून मला लोकांची कीवच आली.

वाढदिवसाला पहिल्या रांगेत मधली खुर्ची धरली. जादूगारानं उजव्या हातात चेंडू धरला आणि मी डाव्याकडं डोळे लावले. "डाव्या हातात आहे!" मी ओरडलो. त्यानं डावा उघडला, रिकामा. चेंडू उजव्यातच होता, जिथं तो सगळ्यांना दिसत होता. मला सोडून. पुढं पत्त्यांच्या वेळी मी त्याच्या बाहीवर संशय घेतला. त्यानं बाही कोपरापर्यंत वर करून हात झटकून दाखवला. लेकरं माझ्याकडं बघून टाळ्या वाजवत होती. बहिणीनं मागून विचारलं, "दादा, चष्म्याचा नंबर तपासला का रे एवढ्यात?"

शेवटची जादू राहिली. त्यानं माझी अंगठी मागून घेतली, सगळ्यांसमोर रुमालात बांधली आणि गाठोडं दाजींच्या मुठीत दिलं. मग पिशवीतून शेराचं जुनं माप काढलं. स्वयंपाकघरातून तांदळाचं पोतं आणि एक रिकामा डबा मागवला.

"माप धरायला जाणता माणूस लागतो," तो म्हणाला. "मोंढ्यातल्या मामांसारखा. पाच मापं मोजून डब्यात टाका. तांदूळ तुमचे, हात तुमचे, मोजणार तुमी. मी निस्ता उभा राहतो."

मी बाह्या सावरून उठलो. मोजणं हे तर माझं क्षेत्र.

आमच्याकडं धान्य मोजताना एक म्हणत नाहीत. पहिलं माप 'लाभ', मग दोन, तीन. आमच्या गावी, लोह्याला, वडलांनी मला शिकवलं तेव्हापासून पहिलं भरलेलं माप मी कपाळाशी नेतो, डोळे मिटतो, मगच ओततो. तसंच केलं. "लाभ," म्हणालो. दोन, तीन, चार, पाच. पाचव्याला दाजींनी मूठ उघडली. रुमालात सुपारी. डबा परातीत उपडा केला, तर अंगठी तळाशी, पाचही मापांच्या खाली.

हॉल दणाणला. मी परातीतून अंगठी उचलून बोटात घातली.

जेवणानंतर भाच्यानं काढलेला व्हिडिओ मागितला. सगळं स्वच्छ दिसत होतं, 'लाभ'पर्यंत. तिथं दोन-तीन सेकंद फरशी दिसते. भाच्यानंही हात जोडले होते, मोबाईलसकट. विचारत गेलो, तर दाजी, बहीण, लोह्याचे सगळे पाहुणे तेव्हा माना खाली घालून बसलेले. पुण्याहून आलेले दोघं तेवढे ताठ होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, आम्ही तुमच्याकडंच पाहत होतो, तांदळाच्या पाया का पडताय ते कळेना.

जादूगार बाहेर चहा पीत होता. मी शेजारी बसलो.

"लाभ म्हणताना टाकली. माझ्याच हातातल्या मापात."

"हाव," तो म्हणाला. "तुमी मोंढ्यातले हे पहिल्या दिशी सांगितलंत तवाच ठरिवलं. माझा बाप मुखेडच्या बाजारात मापाडी व्हता, धान्य मोजायचा. लाभ म्हणताना कोणी डोळे उघडे ठेवलेले मी अजून पाह्यले न्हाईत. चेंडूवरून लोकायची नजर काढायला लई बोलावं लागतं. हितं ती तुमीच मिटून घेतली, मला काही करायचं काम पडलं न्हाई."

दाजी दारातून ऐकत होते. "मेव्हणे, पकडलं की हो तुमी! वाचले दोन हजार."

जादूगारानं कप खाली ठेवला. माझ्याकडं पाहिलं. सांगायचं तितंच, सगळ्यांम्होरं, हे आमचं ठरलं होतं, आणि त्यावेळी सगळ्यांसमोर मी डोळे मिटून उभा होतो.

"मागून पकडलं ते धरायचं नाही," मी दाजींना म्हणालो.

बहीण म्हणाली पाकिटात घालून दे. मी उघडेच दिले. ठरलेले तीन हजार आणि हरलेले दोन, एकूण पाच हजार रोख, जादूगाराच्या हातात. मुखेडच्या बसचं भाडं त्यानं मागितलं नाही, सौद्यात नव्हतं, मीही दिलं नाही.