हळकुंडाचा आवाज

१३ मार्च २००१, मंगळवार. खळ्यावरची हळद पालटायची होती.

होळी होऊन चार दिवस झाले होते आणि ऊन चांगलं तापायला लागलं होतं. कुरुंद्याला आमच्या शेतातल्या खळ्यावर शिजवलेली हळद पंधरा दिवसांपासून पसरलेली होती. ती रोज फळीनं खालीवर करायची, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखी वाळते. मी आणि माझी धाकटी जाऊ दोन टोकांकडून निघालो होतो. शुक्रवारी हळद घासून उजळवायच्या पॉलिशच्या ढोलावर आमचा नंबर होता. गावात ढोल एकच, त्यामुळे नंबर चुकला की मागे रांग. त्याच्या आत हळद वाळली की नाही हे सांगायचं होतं, आणि ते सांगायचं काम माझं होतं.

आमच्या घरात हे काम मोठ्या सुनेचं. सासूबाईंनी ते मला लग्नाच्या तिसऱ्या वर्षी दिलं. ढिगाच्या पाचसहा ठिकाणची हळकुंडं उचलायची आणि कानाजवळ धरून मोडायची. आत ओल असली तर हळकुंड मुकं मोडतं. पुरतं वाळलेलं असलं तर टणकन वाजतं, काशाची वाटी फरशीवर पडावी तसं. गल्लीतल्या बायकासुद्धा पदरात हळकुंडं बांधून माझ्याकडे आणायच्या. मी मोडायची आणि सांगायची.

अडचण एवढीच होती की दोन वर्षांपासून मला तो आवाज ऐकू येत नव्हता.

कान एकदम गेले नाहीत. आधी लांबून मारलेली हाक गेली, मग विहिरीवरच्या मोटारीची घरघर, मग स्वयंपाकघरातलं हळू बोलणं. मी कोणाला सांगितलं नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघायची सवय लावून घेतली, आणि कळलं नाही तिथे "बरं" म्हणायची. नुसत्या "बरं"वर माणसाचं किती भागतं, ते बहिऱ्यालाच ठाऊक. हळकुंडाला मात्र ओठ नसतात. मी दिवस मोजून, हातात वजन घेऊन अंदाजानं सांगायला लागले. पहिल्या वर्षी निभावलं. दुसऱ्या वर्षी मी "वाळली" म्हटलं आणि पोती भरली. महिनाभरानं वसमतच्या मोंढ्यात आडत्यानं एका पोत्यात हात घातला, नाकाशी नेला आणि पोतं परत शिवायला सांगितलं. आत बुरशी धरली होती. घरी सगळ्यांनी ढगाळ हवेला दोष दिला. मीही दिला.

यंदा पुन्हा तसं झालं असतं तर वर्षाची मेहनत गेली असती. आणि नसतं झालं तरी ते माझ्या हुशारीनं नव्हे, नशिबानं.

त्या मंगळवारी मी वाकून फळी ओढत होते. जाऊ फिरून माझ्या समोर आली तेव्हा तिच्या हातात मोडलेली हळकुंडं होती.

"आक्का, तुमच्या कानामागं चार मोडली म्या. तुमी वळून सुदिक पाह्यलं न्हाई."

"काम करून राहिले होते."

"काम करून राहिल्या होत्या का बहिऱ्या होऊन राहिल्या?"

मी फळी खाली ठेवली. आता "बरं" म्हणून भागणार नव्हतं.

"उद्या बुधवार हाय," ती म्हणाली. "वाशीमला कानाचा डागदर येतो अकोल्याहून. माझ्या भावानं त्यालाच दाखवलं होतं. चला माझ्यासंग."

मी नाही म्हणणार होते. पण वाशीम म्हटल्याबरोबर कान मागे पडले आणि रेल्वे पुढे आली. मला रेल्वेचं वेड आहे, ते इथेच सांगून टाकते. माझं माहेर कनेरगाव नाक्याजवळ, आणि छोटी लाईन आमच्या शेताच्या बांधाला लागून जायची. गाडीचा आवाज आला की मी खुरपं टाकून पळायची आणि डबे मोजायची. लग्नानंतर सगळं जाणंयेणं बसनं व्हायला लागलं, कारण बस लवकर पोचते. लवकर पोचण्यात काय मजा आहे ते मला कधी कळलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, हिच्यासोबत वाशीमला जाते, दवाखाना आहे.

"बसनं जा. रेल्वेत दिवस मोडंल."

"मोडू द्या," मी म्हटलं.

बुधवारी सकाळी जीपनं वसमत स्टेशन गाठलं तेव्हा गाडी यायला अर्धा तास होता. मी तो अर्धा तास फलाटाच्या कडेला उभी राहून काढला. जाऊ सामानावर बसून म्हणाली, "आक्का, मागं सरका. गाडी तुमाला न्यायलाच येऊन राहिली, इसरणार न्हाई." रूळ लांब चमकत होते, मग त्यांच्या टोकाशी एक ठिपका आला, मग फलाट पायाखाली थरथरायला लागला. मी लहानपणासारखे डबे मोजले. आम्ही चढलो आणि मी खिडकी पकडली.

गाडीनं वेग घेतला, डबा खडखडायला लागला, खिडक्यांच्या झडपा वाजायला लागल्या. आणि मला माणसांचं बोलणं ऐकू यायला लागलं.

आधी वाटलं भास आहे. समोरच्या बाकावर तांड्यावरची एक बाई बसली होती, लेकीकडे हिंगोलीला निघालेली. ती जाऊला विचारत होती, कुठं निघाल्या. शब्द न् शब्द स्वच्छ. मी तिच्या ओठांकडे बघतसुद्धा नव्हते, माझं तोंड खिडकीबाहेर होतं. मागच्या बाकावरचे दोघं बैलाच्या पायाविषयी भांडत होते, तेही कळत होतं. बाहेर बोल्ड्याकडची उघडी शेतं पळत होती आणि आत चार बाजूंनी बोलणं माझ्या कानात येऊन पडत होतं. दोन वर्षांचा उपास सुटल्यासारखं झालं. मी कोणाला सांगितलं नाही. खिडकीबाहेर बघत ऐकत राहिले.

"आमच्या आक्काला ऐकू येत न्हाई," जाऊ त्या बाईला सांगत होती. मी समोरच होते, पण बहिऱ्यासमोर बोलायला कोण लाजतं?

"अरेरे. कव्हापासून?"

"दोन वर्सं झाली. गेल्या साली हळद वल्ली असून वाळली म्हणल्या, समदी सडली."

"मंग घरात कोनी बोललं न्हाई?"

"बोलंल कोन? मोठी सून हाय. दादा म्हणले, तिला ठाऊक हाय आन् आपल्याला बी ठाऊक हाय, मंग तोंडावर काहून बोलायचं. ढगावर ढकललं मंग समद्यांनी."

दादा म्हणजे माझा नवरा. म्हणजे मी घरभर लपवत फिरले, आणि घरभर सगळे माझ्यापासून लपवत फिरले. त्या बिचाऱ्या ढगाला दोन्हीकडून शिव्या.

"ढगाची काय चूक होती गं?" मी खिडकीतून तोंड न काढता विचारलं.

जाऊचं तोंड उघडंच राहिलं. तांड्यावरच्या बाईनं हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

"तुमाला ऐकू आलं?"

"समदं. मागच्या बैलाचा पाय सुदिक."

"म्हंजी घरी बहिऱ्या आन् गाडीत बराबर? नाटक करून राहिल्या का दोन वर्सं? मी सकाळची भाकरी सोडून आले तुमच्यासाठी."

गाडीत ऐकू येतं हे मलाही आजच कळलं होतं, कसं ते नाही. हिंगोलीला ती बाई उतरली, उतरताना मला म्हणाली, "बाई, तुमी गाडीतच ऱ्हा." जाऊ रागानं तोंड फिरवून बसली. कनेरगाव नाका आला तेव्हा मी तिला बांध दाखवला, कुठे उभी राहून डबे मोजायची ते दाखवलं. तिनं बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

डॉक्टर तरुण होता आणि मोठ्यानं बोलायचा. त्यानं दोन टोकांचा पोलादी चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि कानासमोर धरला. काही नाही. मग त्याच चिमट्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला, आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. मी दचकून त्याचा हातच धरला.

"नस चांगली आहे," तो म्हणाला. "आतलं एक बारीक हाड आखडलंय, म्हणून हवेतून आवाज आत जात नाही. हाडातून जातो. गर्दीत, गाडीत जास्त ऐकू येतं ना?"

"येतं," मी म्हटलं आणि जाऊकडे बघितलं.

"असं होतं या आजारात. गोंगाटात बाकीचे मोठ्यानं बोलतात, आणि गोंगाटाचा यांना त्रास होत नाही."

जाऊ भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघायला लागली. मशीन मागवावं लागेल, त्याला दोन आठवडे लागतील, आणि ऑपरेशनचं पुढे ठरवू, असं डॉक्टरनं सांगितलं. दोन आठवडे. आणि ढोल शुक्रवारी.

परतीच्या गाडीत जाऊनं फुटाण्याची पुडी घेतली आणि माझ्या ओटीत ठेवली. माफी मागायची तिची पद्धत तीच. मी एकेक फुटाणा खात होते. कनेरगावच्या पुढे सिग्नल नव्हता म्हणून गाडी रानात थांबली आणि डबा गप्प झाला. जाऊचे ओठ हलताना दिसले, आवाज नाही. बाहेर कोणी हाक मारली असेल तर तीही नाही. आणि माझ्या तोंडात फुटाणे फटाफट फुटत होते.

मी दुसरा खाल्ला, मुद्दाम हळू. मग एक मऊ पडलेला शोधून खाल्ला. मऊचा आवाज वेगळा. कडकचा वेगळा. रोज भाकरीचा पापुद्रा खाते, शेंगदाणे खाते, तो आवाज रोजच येत असणार. पण तो कामाला लावता येईल हे कधी सुचलं नव्हतं.

"काय झालं?" जाऊनं माझ्या कानाशी ओरडून विचारलं. सगळा डबा वळून बघायला लागला.

"हिंगोलीला आणखी फुटाणे घे," मी म्हटलं. खात्री करायला अख्खी पुडी लागणार होती.

पुढे वसमतपर्यंत मी खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून बसले. रुळाचा प्रत्येक सांधा डोक्यात वाजत होता, एकही सुटला नाही. स्टेशनवर उतरायची वेळ आली तेव्हा जाऊला मला ओढावं लागलं.

गुरुवारी सकाळी चहा झाल्याबरोबर मी खळ्यावर गेले. नवरा तिथे पोती मोजून ठेवत होता, जाऊ झाडत होती. मी नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही. गेल्या वर्षीची हळद माझ्यामुळे गेली, ढगामुळे नाही."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "आत्ता काहून सांगून राहिली?"

"आत्ता उपाय सापडला म्हणून."

मी मधल्या ढिगातलं हळकुंड उचललं, एक टोक दाढेत धरलं आणि दुसरं टोक हातानं खाली दाबलं. टण. कपाळापर्यंत वाजलं. दुसरं, तिसरं, तशीच वाजली. दात पिवळे झाले, जीभ कडू झाली. मग निंबाकडच्या बाजूनं दोन घेतली, जिथे दुपारनंतर सावली पडते. दोन्ही मुकी मोडली.

"निंबाकडची वल्ली हाय," मी सांगितलं. "दोन दिवस अजून."

नवऱ्यानं जाऊकडे बघितलं. तिनं त्याच बाजूचं एक उचललं, कानाजवळ मोडलं आणि मान हलवली. "व्हय. मुकंच हाय."

"शुक्रवारचा नंबर जाईल मंग," तो म्हणाला.

"जाऊ द्या. रविवारवाल्यासंग बदलून घ्या, त्याची वाळलेली हाय, परवा मीच पाह्यली," जाऊ म्हणाली. तो चप्पल घालून गावाकडे निघाला.

मी तोंड धुतलं, फळी घेतली आणि निंबाखालची हळद उन्हात ओढायला लागले.