गोळीला न जुमानणारी बुरशी

धाराशिवच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत मी नवीन होते, तेव्हाची गोष्ट. अणदूरची एक तिशीची बाई सासूबरोबर आली. अंगावरून पांढरं जाणं, खाज, आग. गोळी घेतली की थोडं बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. म्हणून डॉक्टरांनी नमुना तपासायला सांगितला होता.

पडद्याआड नमुना घेताना ती हळूच म्हणाली, "घरी म्हनत्यात, तू गोळ्या खाईनास, फेकून देतीस. म्या एक बी चुकवली न्हाय, मॅडम."

नमुन्यातून बुरशी उगवली. नेहमीच्या औषधानं ती मरते का, ते आता बघायचं होतं. ती एका निळसर प्लेटवर पसरून वर औषधात भिजवलेली कागदाची चकती ठेवली. औषध लागू पडलं तर चकतीभोवती मोकळं रिंगण राहतं. दुसऱ्या दिवशी बघते तर बुरशी चकतीला अगदी खेटून उगवलेली. चकतीच खराब असेल म्हणून आमच्याकडच्या, त्या औषधाला हमखास मरणाऱ्या बुरशीवर ती लावून बघितली. तिथं स्वच्छ रिंगण पडलं.

रिपोर्ट घ्यायला दोघी आल्या. सून म्हणाली, "आत्याबाईंसमोरच सांगा."

"आजी," मी म्हटलं, "हिनं गोळ्या खाल्ल्यात. पण हिची बुरशी त्या गोळीला मरतच नाही. औषध बदलावं लागेल."

आजींनी सुनेकडं बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजी आमी हिला उगंच बोललो की."

सुनेनं डोळ्याला पदर लावला.

डॉक्टरांनी आत ठेवायच्या वेगळ्या गोळ्या दिल्या. पुढच्या खेपेला तिच्या नमुन्यात काहीच उगवलं नाही. मी दोघींना निरोप द्यायला लागले, तर सून हलेना. सासूला म्हणाली, "आता बोला की. मला सांगितलं तसं सांगा."

आजींनी आधी दार लोटलं. "मला बी हाय हे. लई वर्सं झाली."

त्यांचाही नमुना लावला. त्यांच्या प्लेटवर मोठं रिंगण पडलं. साखर वाढली की अशी बुरशी बळावते, म्हणून रक्तही तपासलं, तर साखर वाढलेली निघाली, तिचंही औषध डॉक्टरांनी सुरू केलं. बुरशीला नेहमीची गोळी पुरेल, असं मी सांगितलं, तेव्हा आजी माझ्याकडं बघतच राहिल्या.

"साध्या गोळीचं काम हुतं व्हय? आन् म्या म्हातारपणाचं दुखणं समजून सोसत बसले."