बेटावर गाठलेली वरात

पैनगंगेत बेट आहे म्हटलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात. "नदीत कुठं बेट असते का बे?" असते. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला नदी एका खडकाशी फुटते, तिच्या दोन धारा होतात आणि कितीतरी कोस अलग वाहून पुन्हा एक होतात. मधे उरतं ते बेट. वाळू, झाऊची झुडपं, थोडी करंजाची झाडं आणि गुरांच्या खुरांनी पडलेली एक पायवाट. ती वाट मी आख्खी तुडवली आहे, त्यामुळे मला कोणी शिकवू नये.

साल साठ-एकसष्टचं असेल. मी यवतमाळच्या कारकुनाचा पोरगा, घाटंजीला मास्तर होतो. माझ्याच खोलीत राहणारा दुसरा मास्तर गणित शिकवायचा. तो तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरले होते, बाप आता पैनगंगेच्या काठी कापूस पेरायचा. आम्ही एकमेकांना मास्तरच म्हणायचो.

उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी त्याच्या तांड्यावरचा एक माणूस निरोप घेऊन आला. धाकट्या बहिणीचं लग्न लागतंय, मंगळवारी उन्हं कलली की वरात नदीपलीकडे नवऱ्याच्या तांड्याला निघणार. मास्तर आनंदायचं सोडून सुतकात बसल्यासारखा बसला. निकाल लागल्याशिवाय रजा नाही, असं हेडमास्तरांनी आधीच बजावलं होतं.

"काहून तोंड पाडून बसला?" मी विचारलं. "लगन तिचं हाय, तुयं नाही."

तेव्हा त्यानं सांगितलं. त्यांच्यात मुलगी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडते. नुसतं रडणं नाही, गाऊन रडणं. त्याला ढावलो म्हणतात. ज्याच्या गळ्यात पडली त्याच्याशी तिचं जे काही असेल, लाड, भांडणं, सगळं त्यात येतं. आणि भावाचा ढावलो सगळ्यात मोठा. मोठ्या बहिणीच्या लग्नात हा वसतिगृहात अडकला होता, परीक्षा होती. आईनं त्याचा सदरा काठीवर टांगला आणि बहीण त्या सदऱ्याला मिठी मारून रडली. लोक म्हणाले, बरोबर केलं. तिनं मात्र त्याला अजून माफ केलं नव्हतं.

"हिले तरी सदरा धरून रडू द्याचं नाही मले," तो म्हणाला. "बस."

मी हेडमास्तरांकडे गेलो आणि चढ्या आवाजात बोललो. माझा आवाज चढला की समोरचा माणूस आधी मान्य करतो आणि मग विचार करतो. सोमवार-मंगळवारची रजा दोघांना मिळाली. मला कशाला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला लग्नातलं जेवण हवं होतं, झालं!

सोमवारी पहाटेच्या मोटारीनं जिथवर जाता येत होतं तिथवर गेलो. पुढं पायीच. काठानं गेलं तर नाल्यांमागून नाले आणि काटेरी रान. म्हणून मास्तर म्हणाला, बेटावरून जाऊ, सपाट आहे. सपाट होतंच. पण वाळूत पाऊल टाकलं की अर्धं मागे येतं, हे गणिताच्या मास्तरानं सांगितलं नव्हतं. मी नवे बूट घातले होते. तो वहाणा हातात घेऊन अनवाणी चालला होता आणि दर थोड्या वेळानं मागे वळून "येऊन राह्यला का?" विचारत होता. एका करंजाखाली भाकर-ठेचा खाल्ला तेव्हा मी बूट काढले ते पुन्हा पायात शिरेनात. फोड आले होते. मास्तर पोट धरून हसला. मी त्याला त्याच्या सात पिढ्यांसकट शिव्या दिल्या आणि अनवाणी निघालो.

दिवस बुडताना डांगरवाडीला पोचलो. नदी आटली की भोई लोक वाळूत डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, वेल लावतात, तिथंच झोपडी घालून राहतात. मास्तरला अंधारातही पुढं जायचं होतं. वाडीवाल्या म्हाताऱ्यानं नाही म्हटलं. पुढच्या वाळूत माणूस कमरेइतका रुततो, त्याची म्हैस गेली होती. मग आम्ही डांगरं खाल्ली. इतकी गोड डांगरं मी जन्मात खाल्ली नाहीत. मी घोरलो, मास्तर बहुतेक जागाच होता.

मंगळवारी उजाडता उजाडता निघालो. उन्हं कलायच्या आत आरामात पोचणार होतो. ऊन नुकतं अंगावर यायला लागलं, तेवढ्यात समोरून ढोलकं ऐकू आलं. झाऊमागून कवड्यांच्या झुली घातलेला बैल निघाला, त्यावर लाल ओढणीतली एक पोरगी, पुढं कमरेला कट्यार लावलेला नवरा, मागं माणसं.

मास्तर जागीच थांबला. "ते तर माई बहीण हाय," तो म्हणाला.

ऊन फार म्हणून नवऱ्याकडच्यांनी सकाळच्याच थंडाव्यात वरात काढली होती. अलीकडची धार ओलांडून ती बेटावर आली होती आणि पलीकडच्या धारेच्या उताराकडे चालली होती. पोरीनं भावाला पाहिलं आणि बैलावरून उतरायला निघाली. नवऱ्याच्या चुलत्यानं बैलाची दोरी धरली.

"निघालेली पोरगी मागं फिरत नाही," तो म्हणाला. "रडणं घरी झालं. भावाचा सदराही झाला."

माझं डोकं फिरलं. घरी आम्ही पुस्तकी बोलतो, पण राग आला की माझ्या तोंडून वऱ्हाडीच येते. "बाबा, दोन दिवस पाय सोलून चालून राह्यलो आम्ही. हा जिता माणूस उभा हाय, अन् तुम्ही सदऱ्याचं सांगता? कायले अडवता पोरीले?"

"हा कोण?" चुलत्यानं विचारलं.

"कोर," कोणीतरी म्हणालं. म्हणजे आपल्यातला नाही. झाली माझी वकिली.

मग पोरीची आत्या पुढं आली. पाठराखीण म्हणून आलेली, हाडकुळी, हातभर बांगड्या. तिनं चुलत्याला नदी दाखवली. "मागं कोण फिरते? पोरगी नदी उतरली का अजून? एक धार उतरली. दुसरी बाकी हाय. नदी उतरल्यावर तुमची. तोवर आमची."

चुलत्यानं मागची धार पाहिली, पुढची पाहिली. माणूस हट्टी होता, पण आंधळा नव्हता. त्यानं दोरी सोडली.

पोरगी आली आणि भावाच्या गळ्यात पडली. तो आवाज मी कसा सांगू? त्यात रडणं होतं आणि गाणंही होतं, आणि मधेच इतका स्पष्ट राग होता की मला एकही शब्द न कळता कळला. ढोलकं थांबलं. मास्तर, वर्गात कधी हसलेलाही न पाहिलेला मास्तर, हमसून रडला. नवराही नाक ओढायला लागला. चुलता वाळूत बसून तंबाखू मळत राहिला आणि त्यानं कोणालाही घाई केली नाही.

मास्तरला सोडून ती डोळे पुसत माझ्याकडे वळली. मला वाटलं, नमस्कार करेल. तिनं माझ्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, भावाला काही विचारलं, त्यानं मान हलवली, आणि तिनं माझ्या गळ्यात हात टाकून तोच सूर धरला. लांबलचक. मी आखडून उभा. हात कुठं ठेवावेत ते कळेना. आत्या म्हणाली, "डोक्यावर ठेव की, भाऊ हायेस."

वरात दुसऱ्या धारेत उतरली, पाणी बैलाच्या गुडघ्यापर्यंत आलं. मी मास्तरला विचारलं, माझ्या वेळी ती काय म्हणत होती?

"म्हणे, लहानपणी तू तिले कधी मारलं नाही, कधी तिची भाकर पळवली नाही, मंग कायचा भाऊ तू. आता म्हातारी होईस्तोवर येत जा अन् ते सगळं भरून काढ."

मला सख्खी बहीण नाही. तोवर मला ते कधी जाणवलं नव्हतं. त्या वाळूत उभा राहून मी असा रडलो की आता मास्तरलाच मला धरावं लागलं.